आज जेवायला शांताबेन

त्याच्या घरी जेवायला बसलं की ताटात माणसं वाढलेली असायची.

"आज काय केलंय आई?" तो दारात चपला काढतानाच विचारायचा.

"आज शांताबेन," आतून उत्तर यायचं. "आणि कालचे डिसोझाबाई थोडे उरले हत."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी उंबऱ्यातच थांबलो. तो खदाखदा हसला आणि मला आत ओढलं. शांताबेन म्हणजे हांडवो, डाळ-तांदळाच्या पिठाचा खमंग भाजलेला गुजराती पदार्थ. समोरच्या खोलीतल्या शांताबेनकडून त्याची आई तो शिकली, म्हणून त्या घरात हांडव्याचं नावच शांताबेन. डिसोझाबाई म्हणजे व्हिनेगर घातलेली कोंबडी. खालच्या मजल्यावरची कमलाक्का म्हणजे सांबार. आईचं मूळ गाव कुडाळकडचं, नवरा गिरणीत, आणि संसार घाटकोपर पश्चिमेच्या एका चाळीत. तिच्या स्वतःच्या पदार्थांना साधी नावं होती. दुसऱ्या घरातून आलेल्या पदार्थाला मात्र त्या घरातल्या बाईचं नाव. याला अपवाद नव्हता.

"तुका शांताबेन आणखी वाढू?" त्याची आई मला विचारायची. "लाजू नको रे झिला. ही शांताबेन संपवूकच व्हयी, उद्या टिकणार नाय." झिल म्हणजे मुलगा. चाळीतल्या प्रत्येक पोराला ती तशीच हाक मारायची, म्हणून शेजारी तिला 'झिलाच्या आई' म्हणायचे.

आणि शांताबेन स्वतः समोरच्या दारात भाजी निवडत हे सगळं ऐकत असायच्या.

हे सगळं मी आता लिहितोय, कारण आपल्या जुन्या कंपनीच्या स्नेहसंमेलनाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात 'बोलीचे जनक' या नात्याने मी दोन पानं लिहावीत असा आग्रह झाला. मी बोलीचा जनक नाही. आणि ज्या मित्राच्या घरचं हे सांगतोय, ज्याच्याबद्दल आपल्या ग्रुपवर आजही कुणीतरी लिहितं की 'तो रे, ज्याने बाहेरचं सगळं कॉपी केलं आणि पकडला गेला', त्याने काहीही चोरलं नव्हतं. हे सांगायला दोन पानं पुरणार नाहीत. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

ज्यांना आपली कंपनी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या. त्यांचं मशीन सुरू झालं की आमचे कॉम्प्युटर थरथरायचे. आम्ही औषधांची दुकानं आणि पतपेढ्यांसाठी बिलं, पासबुकं, हिशेब छापणारे प्रोग्राम करायचो. प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल वेगळं हवं. कुणाला गणपती मधोमध हवा, कुणाला डावीकडे. दर वेळी आम्हीच जाऊन प्रोग्राम बदलायचा, हे अती झालं, तेव्हा त्याने सुचवलं की आपण एक छोटी भाषाच तयार करू. दुकानातल्या माणसालाच त्या भाषेत लिहिता आलं पाहिजे की माझं बिल असं दिसू दे. मालकांनी तिला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, ते आता कुणालाच आठवत नाही. आम्ही दोघं तिला 'बोली' म्हणायचो, आणि तेच नाव टिकलं.

प्रोग्रामिंगची भाषा कुणी हवेतून काढत नाही. जी ती भाषा आधीच्या भाषांकडून सोयी घेते. हे सगळ्या जगाला माहीत आहे आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण आमच्या या मित्राला त्याचं जे कौतुक होतं, ते मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. लोकांना कुठल्या नटीचं लग्न कुणाशी झालं हे पाठ असतं, तसं त्याला कुठल्या भाषेने कुठली सोय कुठून आणली हे पाठ. फोर्टच्या फुटपाथवरून तो परदेशी विद्यापीठांची जुनी, पानं सुटलेली पुस्तकं आणायचा आणि डबा खाताना वाचून दाखवायचा.

"ऐक रे, ऐक. सी प्लस प्लस भाषेतली क्लासची सोय सिम्युला भाषेकडून आलीय. नॉर्वेची पोरगी! कुठे दिली बघ."

"वाच तू. माझी भाजी संपतेय."

"तुझ्यासारखा माणूस भाषा करायला बसलाय, वाट लागली बोलीची."

जावा ही भाषा नवी आली त्या सुमारास तो एकदा ऑफिसात पेढे घेऊन आला. सगळ्यांना वाटलं, लग्न ठरलं. बादलीवाल्या कारखान्यातली माणसंसुद्धा वर आली. तो म्हणाला, "लिस्पची लेक चांगल्या घरी पडली." मग त्याने समजावून सांगितलं. आपण ज्या सी भाषेत काम करतो तिथे ज्याचं ताट त्याने उचलायचं, घासायचं, जागेवर ठेवायचं. एक ताट राहिलं तरी हळूहळू सगळं घर खरकट्याने भरतं आणि प्रोग्राम आडवा होतो. लिस्प नावाच्या जुन्या भाषेत मात्र ताटं आपोआप उचलली जातात. वापरून झालेली जागा भाषा स्वतःच साफ करते. इतकी वर्षं लोक त्या सोयीला श्रीमंतांचे चोचले म्हणून हसत होते. आता जावाने ती घेतली. म्हणून पेढे. बादलीवाले पेढा खाऊन म्हणाले, "अभिनंदन, पण मुलगी कुठली?"

घेतलेली सोय नव्या घरात बिघडली तर तो जे म्हणायचा तेही घरूनच आलं होतं. त्याच्या आईने एकदा हांडव्यात मालवणी मसाला घातला आणि मोठ्या प्रेमाने समोर नेऊन दिला. शांताबेननी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या ओरडल्या, "आ मारो नथी!" हा माझा नाही. तेव्हापासून ते त्याचं आवडतं वाक्य झालं. पायथन भाषेने लिस्पचं लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं काम जागच्या जागी लिहायची सोय, घेतलं, पण त्याच्यात एकाच वाक्याइतकी जागा ठेवली, हे कळल्यावर तो खुर्चीतून उठून म्हणाला, "आ मारो नथी!" मालकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, लिस्पला राग आलाय.

त्याची ही खोड कॉम्प्युटरपुरती नव्हती. विनोद सांगायला लागला की आधी तो कुणाकडून ऐकला, त्याने कुणाकडून, आणि मूळ विनोदात बायको होती की सासू, हे सांगून होईपर्यंत समोरच्याची बस यायची. कटिंग चहात पुदिना लागला तर तो चहावाल्याला सोडायचा नाही.

"हा पुदिना कुठनं आणलास?"

"मार्केटमधनं, साहेब."

"तो नव्हे रे. चहात घालायचं कुठनं आणलंस?"

चहावाला बिचारा डोकं खाजवायचा. मग एकदा त्याने मुलुंडच्या एका साडूचं नाव सांगितलं, तेव्हा याचं समाधान झालं. आणि शिंक! असली गडगडाटी शिंक की मॉनिटरवरची धूळ उडावी. शिंकून झालं की रुमालाने नाक पुसत तो म्हणायचा, "बाबांची."

बोलीच्या बाबतीतही हेच. तिच्यातली बरीचशी रचना त्याची, पण काही सोयी मीही आणल्या. त्यातली एक सांगतो, कारण पुढे तिच्याशी काम आहे. त्या वेळच्या तयार प्रोग्राममध्ये लाख रुपये छापायचे तर साहेबी पद्धतीने तीन तीन आकड्यांवर स्वल्पविराम पडायचा. पतपेढीतले म्हातारे सभासद पासबुक बघून घाबरायचे. मी पूर्वी एका कारखान्यात कोबॉल भाषेत काम केलेलं. त्या भाषेत रक्कम कशी दिसावी याचा नमुनाच लिहून द्यायचा असतो. हव्या त्या जागी स्वल्पविराम ठेवा, तिथेच तो छापला जातो. मी म्हणालो, आपण तसंच करू या की. तो टुणकन उडाला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "झकास! कोबॉलकडे हे होतं आणि तू बोलला नाहीस इतके दिवस?" त्या दिवसापासून तो मला 'कोबॉल' म्हणायला लागला. तुम्हाला सगळ्यांना वाटायचं, मी जुनाट विचारांचा म्हणून ते नाव पडलं. तसं नव्हतं. त्याच्या आईच्या नियमाने पडलं होतं.

बोलीचं माहितीपुस्तक मराठीत छापलं, तेही आम्ही दोघांनी लिहिलं. त्याच्या शेवटच्या पानावर त्याच्या हट्टाने एक मजकूर गेला. मथळा होता, 'कुणाकडून काय घेतलं'. रकमेचा नमुना कोबॉलकडून, यादी लिस्पकडून, अटी लिहायची पद्धत पास्कलकडून, असं सगळं. खाली, 'या सर्वांचे आभार. चुका आमच्या.' मला ते पान गमतीदार वाटलं होतं. त्याचं प्रूफ मीच वाचलं.

मालाडच्या एका मोठ्या पतपेढीचे चेअरमन बोली बघायला आले तो दिवस मी विसरलेलो नाही. त्यांच्या चौदा शाखा होत्या. हे गिऱ्हाईक मिळालं तर आमचा गाळा दुप्पट होणार होता, आणि प्रोग्रामिंग विभागाचा प्रमुख कोण हेही त्याच आठवड्यात ठरायचं होतं. चेअरमन पतपेढीचा माणूस. कुठलाही कागद हातात आला की आधी शेवटचं पान उघडायची सवय, कारण खरी गोष्ट तिथे असते. त्यांनी पुस्तक उलटं धरलं, शेवटचं पान वाचलं, आणि चष्मा काढला.

"म्हणजे हे सगळं दुसऱ्याचं आहे?"

"सगळं!" आमचा मित्र आनंदाने म्हणाला. कुणीतरी ते पान वाचलं याचाच त्याला आनंद झाला होता. "म्हणजे कसं आहे बघा, कोबॉलकडून आपण—"

"उद्या या कोबॉलने आमच्यावर केस टाकली म्हणजे?"

"कोबॉल म्हणजे माणूस नाही हो. भाषा आहे ती. तिच्याकडून सगळेच घेतात."

"सगळे चोरतात म्हणून आम्ही चोरीचा माल घ्यायचा?" चेअरमन मालकांकडे वळले. "लेखी कबूल केलंय हो यांनी!"

मालकांना प्रोग्रामिंगमधलं काही कळत नव्हतं. ते धंदा बघायचे. त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. असं चालतं का?"

चालतं, हे मला माहीत होतं. त्या पानावरची पहिलीच ओळ माझी होती. आमचा मित्र माझ्याकडे बघून हसत होता. आता कोबॉल बोलेल, अशा खात्रीने.

मी म्हणालो, "मला यातलं फारसं माहीत नाही. ते पान त्याने लिहिलंय."

बस, एवढंच. ती दोन वाक्यं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. पुस्तकाच्या सगळ्या प्रतींमधून शेवटचं पान फाडलं गेलं. फाडायला मीच बसलो. लेखी काही उरलं नाही, तेव्हा चेअरमननी बोली घेतली. त्याला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि विभागाचा प्रमुख मी झालो. नंतर कंपनीच्या माहितीपत्रकात माझा फोटो आला, खाली 'बोलीचे जनक'. बादलीवाल्यांपासून तुमच्यापर्यंत सगळ्यांना हेच कळलं की त्याने बाहेरचं उचललं होतं, आणि मी कुणालाही कधी दुरुस्त केलं नाही.

पुढे तो कुठे गेला हे मी विचारलं नाही. मुलुंडला आमच्या घरी सून आली तेव्हा ते आपसूक कळलं. ती घाटकोपरची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती चहा देता देता म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणजे कोबॉल ना?"

"हे तुला कुणी सांगितलं?" मी बशी खाली ठेवली.

"मी घाटकोपरला सरांच्या कॉम्प्युटर क्लासला होते. सर दर बॅचला आडनावासकट सांगतात. लाखाचा स्वल्पविराम एका मित्राने आणला, मला सुचलं नसतं. तुमचं आडनाव ऐकून मी सरांना विचारलं. ते म्हणाले, अगं, तोच! नशीब काढलंस. डोकं आहे त्या माणसाला, फक्त जेवताना पुस्तक वाचू देत नाही."

तिने मला ते सगळं कौतुकाने सांगितलं. ती कौतुकानेच सांगणार, कारण तिने एवढंच ऐकलं होतं. मी पान फाडलं होतं, आणि तो माझी ओळ बॅचमागून बॅच वाचून दाखवत होता. तरीही मी त्याला भेटायला गेलो नाही. भेटायला काय तोंड होतं? स्मरणिकेचं पत्र आलं तेव्हा मात्र, एका रविवारी, रिक्षा केली.

क्लास फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात शेवेचा वास. आत पंचवीसतीस मुलं-मुली, फळ्यावर पायथनचा प्रोग्राम. तो पूर्ण टकला झालाय, आवाज तसाच.

"पायथनने ही मॅचची सोय कुठनं आणली?"

"एमएल भाषेच्या घराण्यातनं, सर!"

"वाटेत मुक्काम कुठे?"

"स्कालाकडे!"

"शाब्बास. ज्याच्याकडून घ्याल त्याचं नाव घ्या. नाव घेतल्याने आपलं काही कमी होत नाही." एवढ्यात त्याने दारात मला पाहिलं. मग खडू ठेवून म्हणाला, "पोरांनो, उभे राहा. हे बघा कोण आलंय. कोबॉल!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये मी कुठे बघत होतो ते मला आठवत नाही.

क्लास सुटल्यावर त्याने मला घरी नेलं. चाळीच्या जागी आता इमारत झालीय, आई जाऊन काही वर्षं झाली. लग्न त्याने केलंच नाही. मी बसल्या बसल्या बोलून टाकलं. चेअरमन, ती दोन वाक्यं, फाडलेली पानं, ग्रुपवरचे विनोद, सगळं. तो ऐकत होता आणि मध्येच स्वयंपाकघरात जाऊन गॅस बारीक करून येत होता.

"पान फाडलंस," तो शेवटी म्हणाला, "पण बोलीतनं एक तरी सोय काढलीस का?"

"नाही."

"मग पाहुणे राहिलेच की घरात." तो हसला. मग हसू जरा ओसरलं. "माझं सोड रे. मला पुढच्या महिन्यात दुसरं काम मिळालं. आईचं मात्र वाईट झालं. चाळीत बातमी आली ना, झिलान चोरी केलान. तिला कळेना, मी नेमकं काय चोरलं. मी म्हटलं, आई, दुसऱ्यांकडून सोयी घेतल्या आणि तसं लिहून ठेवलं. ती विचारात पडली. म्हणाली, मग मीपण तेच करतंय की."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. खरंच! डिसोझाबाईंकडे, कमलाक्कांकडे. तुझा पदार्थ मी करतंय, तुका चालता ना, म्हणून विचारायला. मी शरमेने घरात बसलो. शेवटी शांताबेनकडे गेली. शांताबेननी हात धरून तिला आत नेलं आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. आत सोलकढी. पोरांना हाक मारली, आज काय आहे रे? पोरं म्हणाली, झिलाच्या आई!" तो डोळे पुसत हसायला लागला. "आमची सोलकढी त्यांच्या घरात कित्येक वर्षं आईच्या नावाने चालली होती. आणि आईला पत्ता नाही. परत आली ती अशी ताठ मानेने. म्हणाली, सांगान घेतला, तेका चोरी कशी म्हणतत? जेव आता."

मग त्याला शिंक आली. "बाबांची," आम्ही एकदमच म्हणालो.

मी त्याला स्मरणिकेबद्दल सांगितलं. खरं काय ते तुझ्या नावानिशी छापतो, म्हणालो. तो जोरजोरात मान हलवायला लागला.

"नाव नको, यार. बॅचमधली पोरं पेढे मागतील. तू एक कर, ते पान परत छाप."

"एकही प्रत उरली नाही रे. मीच तर—"

"प्रत कशाला हवी?" त्याने कागद ओढला. "लिही. पहिली ओळ तुझी आहे, तूच सांग."

आम्ही दोघांनी मिळून ते पान पुन्हा उभं केलं. दोन ओळींवर भांडलो. यादी लिस्पकडून हे दोघांना मान्य, पण गणपती डावीकडे ठेवायची सोय त्याच्या मते विलेपार्ल्याच्या एका औषधवाल्याकडून आली, आणि माझ्या मते कुठूनच आली नाही, ती आमचीच. त्याने माझं ऐकलं नाही. शेवटी एक नवी ओळ वाढवली: 'कुणाकडून घेतलं ते सांगायची रीत, आईकडून.' जेवायला शांताबेन होती. मसाला घातलेली. मी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी शांताबेन काय म्हणाल्या होत्या ते मला माहीत होतं, आणि मी ते म्हणालो. तो इतका हसला की शेजारच्या फ्लॅटची बेल वाजली ती आपलीच समजून दार उघडायला गेला.

इथवरचा लेख पाठवून दिला, आणि काल स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला, तोही इथे जोडतो. आपल्यातलेच ते, बादलीवाल्यांबरोबर पेढे खाल्लेले.

"सर, लेख मिळाला. जरा... वेगळाच आहे."

"आहे."

"छापतो, छापतो. फक्त ते शेवटचं पान. कुणाकडून काय घेतलं. ते कुठेतरी मधे टाकू का? शेवटचं पान कोण वाचतं हो?"

"शेवटीच टाका," मी म्हणालो. "आमचं तर चेअरमननी आधी तेच वाचलं होतं."